भिंतीआड थांबणारे दाजी

दाजी पडद्यावरच्या पहारेकऱ्यांना नावं देत असत. पाय ओढत चालणारा तो हेडक्लार्क, दर चार पावलांनी मागे बघणारा तो ओव्हरसिअर. मी दारात दिसलो की म्हणत, "जयभीम मास्तर. बसा, पण बोलू नका. ओव्हरसिअर अजून वळला न्हाई."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे यजमान. विष्णुपुरीच्या धरणावर त्यांनी सगळी नोकरी काढली. पाण्याची पातळी बघायची, लिहून ठेवायची, वरून हुकूम आला की दार उचलायचं. ते निवृत्त झाले त्या वर्षी मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिचा व्हिडिओ गेमचा डबा घरी राहिला. त्यातल्या एका मालिकेने दाजींना धरलं. चोरपावलांचा खेळ होता तो. किल्ल्यात शिरायचं, एक कागद घेऊन बाहेर पडायचं आणि आपण आलो होतो हे कुणाला कळू द्यायचं नाही. वाटेत कुणाला मारायची मुभा होती, पण दाजी हात लावत नसत. भिंतीआड उभे राहून पहारेकऱ्याच्या फेऱ्या मोजत, चहा थंड होईपर्यंत. "त्यो बी ड्युटीवरच हाय," म्हणत.

पुढे मालिकेचे नवे भाग आले आणि दाजी बिघडले. एका भागात भिंतीपलीकडची माणसं लाल रंगात दिसू लागली. त्याच्या पुढच्या भागात जमिनीवर वाट दाखवणारी पिवळी रेघ आली, आणि सापडलात तरी बिघडत नाही, तलवार काढा नि सगळ्यांना लोळवा, अशी सोय झाली. या मदती बंद करता येत. दाजी त्या बंद करूनच खेळत, पण राग गेला नाही.

"ही चोरी हाय का वरात?" ते म्हणाले.

"नव्या माणसांनाही खेळता यावं म्हणून केलं असेल," मी म्हणालो.

"तुमी तर बोलूच नका मास्तर. तुमी बी तेच करून राहिलात."

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि जाड कादंबऱ्यांच्या छोट्या आवृत्त्या मुलांसाठी तयार करतो. दाजींचा रोख तिकडे होता. "चारशे पानांचं साठ पानांत बसवता. लेकरं वाचतेत, न्हाई म्हणत न्हाई मी. पण त्या माणसांसंगं राहतेत का?"

"साठ वाचून एखादं चारशेकडे वळतं, दाजी."

"एखादं," दाजी म्हणाले.

वळली ती अक्का. इतकी वर्षं तिने त्या खेळाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. पिवळी रेघ बघून म्हणाली, "एवढंच हाय व्हय? आणा इकडं," आणि दाजींच्या हातातून रिमोट घेतला. पाच मिनिटांत किल्ल्याच्या अंगणात एकही माणूस उभा नव्हता.

"अगं सुमन, हेडक्लार्कला कामून मारलंस? बिचारा पाय ओढत चाललाय!"

"मग वाटेत कशाला कडमडला?"

दाजींनी कपाळावर हात मारला, पण बाजेवर सरकून तिला जागाही करून दिली. त्या दिवसापासून दोघं आळीपाळीने खेळू लागले. तो तलवारीचा भाग कंपनीने बाजारात आणला नसता, तर अक्का त्या बाजेवर कधीच बसली नसती, हे मी दाजींना बोलून दाखवलं नाही. त्यांना ते कळत होतं.

मालिकेचा शेवटचा भाग निम्मा झाला असताना दाजींना लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणं संथ झालं. मग अक्का खेळू लागली आणि दाजी सांगू लागले. "थांब. थांब म्हणलं ना. त्याला वळू दे." मदती अर्थातच बंद. एका अंगणाला चार-चार दिवस लागत. पुढे हृदयानेही कुरकुर सुरू केली. दवाखान्यात डॉक्टरांनी अक्काला बाजूला घेऊन काय ते सांगितलं. ती खोलीत आली तेव्हा दाजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरी चल."

घरी आल्यावर मी त्यांना मोसंबी सोलून देत होतो, तेव्हा ते म्हणाले, "सुमन, समदं चालू कर. लाल माणसं, पिवळी रेघ, समदं."

"तुमीच तर शिव्या देत होता त्याला."

"मला शेवट बघायचाय. दम धरायला टाइम लागतो. त्यो कुठाय आता?"

तीन दिवसांत अक्काने खेळ संपवला. किल्ल्याचं शेवटचं दार उघडलं, नायक नावेत बसला, नाव धुक्यात गेली.

"शेवट चांगला हाय," ते म्हणाले. "पण वाटेत वळखीचं कुणीच झालं न्हाई."

अक्काने रिमोट खाली ठेवला नाही. "पुन्हा पहिल्यापासून लावू? समदं बंद करून?"

"पुरंल का?"

"जाऊ की जिथवर जाता येईल तिथवर."

दहाव्या दिवशी सकाळी दाजी झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर, पाहुणे गेले तेव्हा, मी अक्काला विचारलं, कुठवर पोचला होता तुम्ही? तिने मला खेळ लावून दाखवला.

"नऊ दिवसांत दोनच अंगणं?" मी म्हणालो.

"दोनच व्हय रे?" अक्का पडद्याकडे बघत म्हणाली. "मला तर लई लांब गेल्यासारखं वाटलं."