बाळंतशोप्याचं लोणचं

तुम्ही हसणार हे धरूनच सांगतो. चहा मात्र आधी संपवा, नाहीतर नाकातून येईल.

मी काल्हेरला राहायला आलो तो बायको गेल्यावर. भिवंडीत शाळेत क्लार्क होतो, रिटायर झालो, तिथलं भाड्याचं घर सोडलं आणि मुलानं घेऊन ठेवलेल्या या टॉवरमध्ये येऊन पडलो. मुलगा नीलेश आणि सून जर्मनीत. इथे सगळ्यांची दारं बंद. माणसं ड्युटीवर जातात, येतात, झोपतात. लिफ्टमध्ये भेटलीच तर मोबाइलमध्ये बघतात. मी कधी कधी उगाच वॉचमनला विचारायला खाली उतरायचो, "पानी आज टाइम पे आएगा ना?" टाइम पे आएगा हे मलाही माहीत असायचं हो! पण तेवढंच बोलणं.

तर नीलेशचा फोन आला. "बाबा, रजा टाकलीय. येतोय!"

आता हा पोरगा तिकडे शेपू घातलेलं काकडीचं लोणचं खातो. तेल नाही, मसाला नाही. मिठाच्या पाण्यात काकडी बुडवायची आणि आंबू द्यायची. "त्याशिवाय घास उतरत नाही बाबा," म्हणायचा. मी म्हटलं, आपण घरी करून ठेवू. स्वतःच्या घरी येऊन पोराला परकं वाटायला नको!

अंजूरकडून येणाऱ्या भाजीवालीकडून बोटाएवढ्या काकड्या घेतल्या. शेपूची जुडी घेतली. मग वाण्याकडे गेलो आणि मोबाइलवरचा फोटो दाखवला. "हे शेपूचं बी हवंय."

"अरे अंकल, ये तो बाळंतशोपा!" वाण्यानं जोरात पुकारा केला. "कितना दूँ?"

बाळंतिणीला पचनासाठी, दूध यावं म्हणून देतात ना, तोच. मला काय ठाऊक? नीलेशच्या वेळी ही माहेरी होती. मी म्हटलं, द्या पाव किलो.

शेजारी आमच्या बिल्डिंगच्या पाचव्या मजल्यावरच्या पाटीलकाकी उभ्या होत्या. इथल्याच, मूळ गावच्या. त्यांच्या शेतावर आता गोदाम आहे. आजपर्यंत माझ्याशी एक शब्द नाही, आणि आता एकदम हसल्या. "काय भाऊ, खुशखबर हाय वाटतं?"

माझा चेहराच सांगत असेल, असं वाटलं मला. म्हटलं, "मग! मुलगा..."

'येतोय' हा शब्द रस्त्यावरच्या कंटेनरच्या हॉर्नखाली चिरडला गेला.

झालं! दुसऱ्या दिवसापासून काय सांगू, बिल्डिंगमध्ये माझी वटच वाढली. अनोळखी बाई लिफ्टमध्ये "अभिनंदन" म्हणते. वॉचमन सलाम ठोकतो. मला वाटलं, अरेच्चा! मुलगा येतोय याचं लोकांना केवढं कौतुक! माणसं चांगली आहेत, आपणच उगाच कुढत बसलो.

इकडे बरणी आंबायला लागली. दुपारी घरात एवढी शांतता की तिच्यातला बुडबुडा हॉलमध्ये ऐकू यायचा. बुडुक! मी तिथूनच म्हणायचो, "आलो, आलो." खोटं कशाला बोलू, घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

चार-पाच दिवसांनी पाटीलकाकी लिफ्टमध्ये भेटल्या. "कसं हाय?"

मी समजलो, लोणचं. काकडी, शेपू, सगळं त्यांनी पिशवीत पाहिलंच होतं की!

"मस्त! जरा पिवळं पडलंय."

"अगो बाय! डाक्टरला दावलं का?"

"डॉक्टर कशाला? यूट्यूबवर बघितलं. पिवळं पडतंच म्हणे."

"कवळ्या उन्हात धरायचं जरा."

"छे छे, ऊन अजिबात नको. बुडवून ठेवलंय."

"क... कशान?"

"मिठाच्या पाण्यात. सारखं वर यायला बघतं, म्हणून वरून दगड ठेवलाय. तोंडाला फडकं बांधून वर झाकण घट्ट लावलंय. रोज गॅस तेवढा काढतो."

लिफ्ट उघडली. काकींचा मजला नव्हता, तरी त्या तिथेच उतरल्या. पळतच.

त्याच दुपारी नीलेशचा फोन आला. रजा रद्द झाली होती. "बघू बाबा, दिवाळीत," म्हणाला. मी म्हटलं, "अरे ठीक आहे, काम महत्त्वाचं." फोन ठेवला आणि बरणीसमोर बसून राहिलो. एवढ्या काकड्या आता खाणार कोण?

तेवढ्यात बेल! दारात पाटीलकाकी, आणखी तीन बायका, मागे वॉचमन. एकीच्या हातात डबा, एकीच्या हातात झबलं. एवढी माणसं माझ्या दारात! मी खुर्च्या पुसायलाच लागलो.

"या ना, बसा! चहा टाकतो."

"च्या ऱ्हाऊ द्या," काकी म्हणाल्या. "आदी ते दावा!"

"आणतो की!"

आतून टॉवेलात गुंडाळलेली बरणी छातीशी धरून आणली. काकींनी डोळे गच्च मिटले. मी झाकण फिरवलं मात्र, फस्स करून पाणी उडालं, थेट त्यांच्या तोंडावर. काकी जी किंचाळल्या! वॉचमन "पकडो! पकडो!" ओरडत मलाच धरायला धावला.

मग त्यातली एक बाई वाकून म्हणाली, "अहो, ही तर काकडी आहे."

पुढची पाच मिनिटं घरात नुसतं हसणं. काकी पदरात तोंड घालून हसल्या. हसता हसता म्हणाल्या, "मंग नातू? वाण्याकडं मुलगा म्हनलात ना?"

"मुलगा येतोय म्हणालो होतो. नीलेश. आता तोही येत नाहीये."

काकींनी तोंड पुसलं, खुर्ची ओढली आणि बसल्या. "टाका च्या," म्हणाल्या. "साखर जास्ती घाला."

चहा झाला. प्रत्येकीनं एकेक काकडी चाखली आणि प्रत्येकीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. जाताना मी डबा परत द्यायला लागलो. डिंकाचे लाडू होते.

"बाळंतिनीचं माघारी न्हाय नेत," काकींनी हात मागे घेतला. "तुमीच खावा."

आता रोज सकाळी लाडू खातो. मधूनच पाचव्या मजल्यावरून इंटरकॉम वाजतो. "खाल्लात का? पंख्याखाली नका झोपू, वारं लागंल!"

म्हणजे बघा, या वयात, घरात दुसरं माणूस नसताना, मी एकटा बाळंत झालो. लोकांना मुलगा होतो, मुलगी होते. मला काकडी झाली. तीही मऊ पडलेली!