पोरांच्या रूमवर तिची ड्युटी

बायकोचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता दीडेक महिना शेक घ्यायचा, शनिवार-रविवार सोडून रोज. शेक म्हणजे रेडिएशन. अल्लीपूरहून रोज एसटीने येणं-जाणं तिला झेपणार नव्हतं. वर्ध्यातले नातेवाईक मी एकेक करून आठवत होतो आणि प्रत्येकापाशी अडखळत होतो. तेवढ्यात मुलाचा फोन आला. "बाबा, आईले रूमवर आणा ना. मी पोरायले इचारलं, ते हो म्हणतात."

रूम म्हणजे सिंदी मेघेतल्या एका इमारतीतला फ्लॅट. दोन खोल्या, किचन आणि एक लांबट गॅलरी. इंजिनिअरिंगची चार पोरं तिथे भाड्याने राहतात, त्यातला एक आमचा. मी त्याआधी एकदाच गेलो होतो आणि दारातूनच परतलो होतो. आत जोड्यांचा ढीग, खुर्चीवर कपड्यांचा ढीग, आणि कशाचा ते न कळणारा वास. अशा ठिकाणी मी आजारी बाईला घेऊन जाणार होतो.

पण आम्ही पोहोचलो तेव्हा फरशी इतकी पुसलेली होती की फिनाइलने डोळे चुरचुरत होते. आतली खोली आणि एकुलती एक खाट आम्हाला दिली होती. चौघांच्या गाद्या बाहेरच्या खोलीत एकीला एक लागून पडल्या होत्या. किचनमध्ये तिखट, हळद, मीठ हे सगळं प्रोटीन पावडरच्या मोठमोठ्या डब्यांत. त्यांच्यातला चंद्रपूरकडचा एक उंच मुलगा चहा घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, साखर कमी हाये का सांगजा. आमच्यातलं कोणी खरं नाई सांगत."

मी शाळेतून रजा घेतली होती. दवाखान्यात तिच्याबरोबर जायचं, परत यायचं, तिला पाणी द्यायचं, उशी सारायची, ती उठली की "तू बस" म्हणायचं, एवढंच माझं काम. तिला काडी उचलू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. त्यामागे प्रेम होतं असं मी लिहिलं असतं, पण ते पुरतं खरं नाही. तिने पहिल्यांदा गाठ दाखवली तेव्हा मीच म्हणालो होतो, माझ्या वर्गाची दहावीची परीक्षा होऊन जाऊ दे. ते मी उशी सारून सारून फेडत होतो.

नर्सने सांगितलं होतं की शेकाच्या जागेची कातडी नाजूक होते, आतले कपडे सुती, सैल आणि नीट वाळलेले असावेत. मी मान डोलावली होती. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही. चार तरुण पोरांच्या घरात तिला आतले कपडे वाळत घालायची लाज वाटत होती. ती ते खाटेच्या दांडीवर साडीखाली झाकून ठेवायची आणि सकाळी दमटच घालायची.

एके दुपारी आम्ही दवाखान्यातून आलो तर गॅलरीच्या कोपऱ्यात नवी दोरी बांधलेली. तिच्यापुढे जुन्या चादरीचा पडदा. दोरी तिचा हात वर न ताणता पोहोचेल इतकी खाली. चिमटेसुद्धा होते. उंच मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता बोलला, "काकू, तो कोपरा तुमचा. आमी तिकडं येत नाई." बस, एवढंच.

मी त्या दोरीकडे बराच वेळ पाहत राहिलो. विशीतला मुलगा, लेथ मशीन आणि क्रिकेट यांच्याशिवाय काही बोलत नाही, आणि त्याला हे दिसलं. मी तिच्याच खोलीत झोपत होतो.

मला वाटलं, आता ती रुळेल. झालं उलटंच. त्या संध्याकाळी ती रडली. "किती करून राह्यले हे पोरं माह्यासाठी. यायची खाट घेतली, खोली घेतली. मले नाई राहाचं इथं. शुक्रवारी घरी जाऊ, मंग नाई याचं."

शेक मध्येच सोडला तर केलेलं सगळं वाया जाईल, हे डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं होतं. मी तिला ते पुन्हा सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी रागावायला हवं होतं. पण एकदा मीच तिला थांबवलं होतं, आता कोणत्या तोंडाने रागावणार?

शुक्रवारी ती बॅग भरत होती. सगळी बॅग, टॉवेलसकट. उंच मुलगा दारात येऊन उभा राहिला. हातात मेथीची जुडी.

"काकू, हे काऊन भरून राह्यल्या? सोमवारपासून तुमची ड्युटी हाये ना."

"माही? कायची ड्युटी?"

"रूमचा नियमच हाये. आठवड्याच्या वर जो राह्यला, तो पाहुणा नाई. त्याले ड्युटी लागते. माह्या मामाले बी लागली होती, बाथरूमची. तुमाले गॅसजवळ नाई जाचं, म्हणून भाजी निवडाची. आन् मले भाकर शिकवाची, बसल्या बसल्या."

मी चिडलो. "अरे, ती आजारी आहे! कळतं का तुला?"

"कळते ना, काका." तो शांतपणे म्हणाला. "तुमची बी हाये. भांडे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. तोंडाला पदर लावून, पाठ भिंतीला टेकवून हसली. "यायले भांडे? अरे बाप्पा! भांडे फुटतीन तुमचे!"

आमचा मुलगा आतून ओरडला, "स्टीलचे हायेत, आई. नाई फुटत."

शनिवार-रविवार आम्ही गावी काढले. सोमवारी सकाळी मी तिला काही विचारलं नाही, भीतीच वाटत होती. तीच चप्पल घालून अंगणात उभी राहिली. म्हणाली, "चला. थ्या पोराले मेथी निवडता येत नाई, दांड्यासकट टाकते."

त्यानंतर किचनच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल आलं आणि ती त्यावर बसू लागली. तिकडून हुकूम सुटायचे. पाणी गरम घे. पीठ मळून मळून मऊ कर. अरे, भाकर हाये का नकाशा? पोरं तिची गंमत करायची, ती पोरांची. आणि एका सकाळी मी भांडी घासत असताना ऐकलं, उंच मुलगा तिच्यावर चक्क वैतागला होता. "काय काकू, शेंगा निवडूनच नाई ठेवल्या. आता डबा नाई होत आमचा."

माझा हात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं. ती "अरे हो, इसरलीच बापा" म्हणत घाईने शेंगा सोलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर मी किती दिवसांत न पाहिलेलं काहीतरी होतं. आजार आल्यापासून तिला कोणी रागावलं नव्हतं. सगळे तिच्याशी जपून बोलत होतो, मी सगळ्यांत जास्त. त्या पोराने तिला घरातलं माणूस मानून फटकारलं, आणि तिची मान ताठ झाली. हे त्याला कोणी शिकवलं असेल? मी इतकी वर्षं वर्गात उभा राहिलो, मला हे येत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी दोघांची बॅग भरायला घेतली तर ती म्हणाली, "तुमीच जा. माहे कपडे काढा त्यातून. पोरायची परीक्षा हाये, मी नाई येत." मग दारापर्यंत आली. "आन् येतानी आपला लोखंडी तवा घेऊन येजा. यायच्या तव्यावर भाकर फुगत नाई."

रविवारी परतताना मी तो तवा तिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला. लग्नापासून तो चुलीवर, मग गॅसवर पाहत आलो, पण उचलला त्या दिवशी पहिल्यांदा. मनगट खाली गेलं. ती हा रोज एका हाताने उतरवायची.

बसमध्ये तो मांडीवर धरून बसलो. ओळखीचा कंडक्टर थांबला. "काय सर, हॉटेल टाकून राह्यले का वर्ध्याले?"

"नाही रे," मी म्हणालो. "तिचा शेक व्हायचा आहे अजून. पूर्ण करते म्हणते."

त्याने तिकीट फाडलं आणि तो पुढे गेला. मी मात्र तेच वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, पूर्ण करते म्हणते.