वाडीपर्यंत मोटार जाते

दुसऱ्या महायुद्धात हिंदुराव शेलारांनी कल्याणच्या लष्करी छावणीत जीप चालवली. अख्ख्या युद्धात त्यांनी पादाक्रांत केलेला मुलूख म्हणजे कल्याण स्टेशन ते ऑफिसरांची मेस. पलटणी येत, थोडे दिवस राहत आणि ब्रह्मदेशाकडे निघून जात. हिंदुराव त्यांना स्टेशनवरून आणत आणि परत स्टेशनवर नेऊन सोडत. छावणीचे रस्ते गुळगुळीत होते, आणि हिंदुरावांचं दुःख नेमकं तेच होतं. जीपमध्ये साध्या गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा असे. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढची चाकंही जोर लावू लागत, आणि चिखल असो, वाळू असो, गाडी रांगत का होईना वर चढे. हे त्यांना पढवलं होतं. तो ओढायची वेळ मात्र कधी आली नाही. तिकडून परतलेले जवान चिखलात रुतलेल्या गाड्यांच्या गोष्टी सांगत, तेव्हा हिंदुराव मान डोलवत आणि त्या दांड्यावरची धूळ फडक्यानं पुसत.

युद्ध संपलं. फाळणी झाली. रिकाम्या बराकींमधून सिंधहून आलेली कुटुंबं राहू लागली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. हिंदुराव अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रकवर लागले, त्यांनी कुळगावात घर केलं, अंजनीबाईंशी संसार मांडला. दुसरा कुणी एवढ्यावर सुखी झाला असता. हिंदुरावांच्या हाताला तो न ओढलेला दांडा आठवत राहिला.

बराकींच्या एका रांगेत टहिलराम नावाचे गृहस्थ सुटे भाग विकत. सिंधमध्ये सक्करला त्यांचं कापडाचं दुकान होतं. इथे आल्यावर कापड मिळेना आणि लोखंड मात्र पायात येई, म्हणून ते लोखंडात शिरले. छपराला पत्रे हवेत म्हणून लष्करी भंगाराच्या लिलावात त्यांनी एक ढीग घेतला, त्या ढिगात एक जीप निघाली. टायर नाहीत, समोरची काच नाही, सीटच्या जागी नुसत्या स्प्रिंगा. टहिलरामांच्या घरचे पापड तिच्या बॉनेटवर वाळत.

"चालते का?" हिंदुरावांनी विचारलं.

"साईं, मिलिट्रीचा माल आहे," टहिलराम म्हणाले. "मरत नाही. झोपलाय."

हिंदुरावांनी वाकून आत पाहिलं. तो दुसरा दांडा जागेवर होता. सौदा तिथेच झाला.

बैलजोडी जुंपून जीप कुळगावात आली. अंजनीबाई दारात आल्या, आधी बैलांकडे आणि मग जीपकडे बघून म्हणाल्या, "अहो, हिला कायमचे बैल लागणार आहेत का?"

"अगं, आता हिचं बघ काय करतो ते."

जे केलं ते करायला दीड-दोन वर्षं गेली. इंजिन खोलून अंगणात मांडलं, तेव्हा अंजनीबाईंना तुळशीला पाणी घालायला वळसा पडू लागला. क्लच प्लेट एका मोडक्या ट्रकची घासून बसवली. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांच्या पट्ट्या, बसले होते, तेही काढून जाड पाटे घातले. त्यामुळे गाडी वीतभर उंच झाली आणि मागून पाहिल्यावर रुसून उभी असल्यासारखी दिसू लागली. सायलेन्सरची नळी ओढ्याच्या पाण्यात बुडू नये म्हणून त्यांनी ती वाकवून थेट डोक्याच्याही वर नेली. पुढच्या बंपरवर विहिरीचा जुना रहाट बसवला आणि त्याला दोरखंड गुंडाळला, म्हणजे गाडी रुतली तर झाडाला दोर बांधून तिनं स्वतःच स्वतःला ओढून काढावं. शेजारपाजारचे लोक येऊन बघत आणि मान हलवत परत जात.

"वांगणीला माझ्या माहेरी जाऊ एकदा हिच्यातनं," अंजनीबाई म्हणाल्या.

"वांगणीला रस्ता आहे," हिंदुराव म्हणाले. जिथे रस्ता आहे तिथे ही गाडी नेणं म्हणजे त्यांना पैलवानाला पालखीत बसवल्यासारखं वाटे.

कुळगावच्या मागच्या डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी होती. वर जायला नुसती पायवाट, मध्ये एक ओढा आणि ओढ्यापलीकडे मुरमाचा उभा चढ. हिंदुरावांनी एका रविवारी तिकडे मोर्चा वळवला. ओढ्याच्या मधोमध इंजिनच्या पंख्यानं प्लगांवर पाणी उडवलं, करंट गेला आणि जीप म्हशीसारखी बसली. रहाटाचा दोर झाडाला बांधून पाहिला, झाडच उपटून आलं. संध्याकाळी वाडीतला चांगो मोळी विकून परत येत होता. त्यानं मोळीचा दोर खांद्यावरून उतरवला.

"दादा, कुठं निघालास?"

"वर. तुमच्या वाडीत."

"कोणाकडं?"

"कोणाकडे नाही. गाडी जाते का बघायला."

"आन् गेली तर?"

"गेली तर परत यायचं."

चांगोनं नीट विचार केला. "मंग हितूनच परत जा की," तो म्हणाला, आणि रेडे आणायला गेला.

पुढच्या खेपेला हिंदुरावांनी ओढ्याआधी पंख्याचा पट्टा काढून ठेवला आणि प्लगांच्या तोंडाला ग्रीस फासलं. ओढा पार झाला, पण मुरमावर चाकं जागच्या जागी फिरू लागली. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी टायरमधली निम्मी हवा सोडली. तेव्हा अर्ध्या चढापर्यंत गेले आणि पाटा तुटला. दर रविवारी रेडे आणून चांगो कंटाळला. शेवटी तो शनिवारीच विचारून जाऊ लागला, "उद्या येणार हायस ना? मंग रेडं रानात सोडीत नाय."

आणि मग एका रविवारी जीप वाडीत पोचली. दांडा ओढलेला, इंजिन कण्हतंय, नळीतून डोक्यावर काळा धूर, आणि हिंदुराव स्टिअरिंगला असे चिकटलेले की गाडी थांबल्यावरही हात सुटेनात. ज्या क्षणासाठी अख्खं युद्ध वाट पाहिली तो हा क्षण. चांगोची म्हातारी आई राही झोपडीतून बाहेर आली. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागे डोकावून पाहिलं.

"मीठ आणलंस?"

"नाही आजी."

"घासलेट?"

"नाही."

"येवढी मोठी गाडी," राही म्हणाली, "आन् रिकामी आणलीस?"

हिंदुराव वरमले. पुढच्या खेपेपासून जीपमध्ये मीठ, घासलेट आणि सुकट जाऊ लागली, आणि येताना करवंदांच्या पाट्या येऊ लागल्या. एकदा बाळंतपणात अडलेल्या बाईला त्यांनी खाली दवाखान्यात आणलं. आई आणि मूल दोघंही वाचली. त्या दिवसापासून वाडीत त्यांना चहा मिळू लागला. त्याच सुमारास एकदा टहिलरामही हौसेनं गाडीत बसून वर आले होते. चढ चढून गाडी सपाटीवर आली तेव्हा त्यांनी बराच वेळ वायव्येकडे पाहिलं.

"साईं, रस्ता नाही तिथंपण जाते ना ही?"

"जाते की."

"मग सिंधला घेऊन चल."

हिंदुरावांनी त्या दांड्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. "तिथं नाही जाणार," ते म्हणाले. आपली गाडी कुठे जाणार नाही हे त्यांनी त्या एकदाच कबूल केलं. टहिलराम हसले आणि परतीच्या वाटेवर एका पान्याची किंमत वाढवून सांगू लागले.

स्वातंत्र्य आल्यापासून वाडीची एकच मागणी होती, रस्ता. चांगो आणि चार जण दरसाल खाली जाऊन अर्ज देत. अखेर एक ओव्हरसिअरसाहेब पाहणीला आले. डोंगराकडे बघून त्यांच्या कपाळाला घाम आला. हिंदुराव पुढे झाले. "साहेब, पायी कशाला? आपली गाडी आहे."

गाडी कधी नव्हे ती एका दमात वर गेली. साहेबांनी वाडीत कोंबडी खाल्ली, झाडाखाली डुलकी काढली, आणि उठून चांगोला म्हणाले, "तुमची तक्रार तरी काय आहे? वाडीपर्यंत मोटार जाते. मी स्वतः आलोय की मोटारीनं."

मोटार जाते म्हटल्यावर रस्त्याची गरज उरली नाही. काम रद्द झालं.

चांगो कुळगावात आला आणि ओट्यावर बसला. तो चिडला नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्तच जड गेलं. "दादा," तो म्हणाला, "तू आमचा रस्ता खाल्लास."

हिंदुरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. त्यांनी चार ठिकाणी हेलपाटे घातले, हातापाया पडले, आणि फेरपाहणीला मोठे इंजिनिअरसाहेब येतील असं ठरवून आणलं. आता एकच करायचं होतं. साहेबांना गाडीत घालायचं आणि अर्ध्या वाटेत अडकायचं.

"ते तुम्हाला छान जमेल," अंजनीबाई म्हणाल्या. "अडकण्यात तुमचा हात कोण धरणार?"

हिंदुरावांनी मन लावून तयारी केली. टायरमध्ये हवा दगडासारखी ठासून भरली आणि रहाटाचा दोर घरी ठेवला. दुसऱ्या दांड्याला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली. ओढ्यात गाडी बंद पडावी म्हणून पंख्याचा पट्टाही तसाच ठेवला, पण उन्हाळ्यामुळे ओढ्याला पाणीच नव्हतं. ओढा पार झाला. चढावर मात्र सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मागची चाकं गरगर फिरली, मुरूम उडाला, गाडी तिरपी होऊन थांबली. वर झाडाआडून बघणाऱ्या चांगोनं समाधानानं विडी पेटवली.

"नाही जमणार बुवा," साहेब म्हणाले. "वाट नाहीच ही."

"नाही ना साहेब! गाड्या येतच नाहीत इथं."

काम झालं होतं. साहेब उतरायला लागले. एक पाय खाली टेकवून त्यांनी जीपकडे नजर टाकली आणि सहज म्हणाले, "आणि ही तरी काय गाडी! भंगार आहे. आमच्या खात्याची नवी असती तर चढली असती."

हिंदुरावांनी पुढे आयुष्यभर सांगितलं की हात आपोआप गेला. गेला खरा. दांडा ओढला गेला, साहेबांचा एक पाय आत ओढला गेला, आणि ती उंच, रुसकी, काळा धूर ओकणारी गाडी, ठासून भरलेल्या टायरांनिशी, तो चढ अशी चढली की तशी पूर्वी कधी चढली नव्हती. चांगोच्या हातातली विडी तशीच राहिली.

"वा!" साहेब वर पोचल्यावर म्हणाले. "म्हणजे येते की!"

हिंदुराव गाडीतून उतरलेच नाहीत. राहीनं साहेबांना पाणी दिलं. हिंदुरावांना दिलं नाही.

घरी येऊन त्यांनी सगळं अंजनीबाईंना सांगितलं. अंजनीबाई भाकऱ्या थापत होत्या. थापता थापता त्यांनी विचारलं, "साहेबांना जागा आवडली का?"

"फार. गार वारा आहे म्हणाले."

"मग बाईसाहेबांना घेऊन या म्हणावं. वनभोजनाला. तुमच्याच गाडीतनं."

"त्यानं काय होणार?"

"मी एकदा बसले होते तुमच्या गाडीत," अंजनीबाई म्हणाल्या. "तीन दिवस पाट मांडून बसता येत नव्हतं. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

साहेबांनी निमंत्रण आनंदानं घेतलं. बाईसाहेब छत्री आणि फराळाचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. हिंदुरावांनी या वेळी काहीही मुद्दाम केलं नाही. त्यांनी आपली गाडी जशी चालते तशीच चालवली, पहिल्यांदाच पूर्ण प्रामाणिकपणे. जाड पाट्यांनी प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोचवला. ओढ्यात डबा उघडला, चढावर छत्री गेली, आणि वाडीत पोचल्यावर बाईसाहेबांना उतरवायला राही आणि चांगोची बायको चंद्री अशा दोघी लागल्या. राहीनं त्यांना घोंगडीवर निजवून कंबरेला तेल चोळलं. पालथ्या पडल्या पडल्या बाईसाहेबांनी विचारलं, "तुम्ही बायका कशा जाता-येता?"

"चालत," राही म्हणाली. "पोटुशी असली तरी चालत."

बाईसाहेबांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही कुठल्या खात्यात आहात म्हणे?"

त्याच वर्षी रस्ता मंजूर झाला. कागदोपत्री कारण काय दिलं ते कुणी पाहिलं नाही. वाडीत सगळे त्याला बाईच्या कंबरेचा रस्ता म्हणत. खडी फोडायला वाडीतलीच माणसं होती. ओढ्यावर मोरी झाली, चढ कापून वळणाचा झाला. साहेबांची मोटार धूळही न उडवता वर आली. मग मिठाचा व्यापारी टेंपो घेऊन येऊ लागला. चंद्रीच्या धाकट्या जावेला दिवस भरले तेव्हा ती दवाखान्यात वेळेवर पोचली, आणि कुणाला त्याचं नवलही वाटलं नाही.

हिंदुरावांची जीप त्या रस्त्यावर शोभेना. सरळ वाटेवर ती घरंगळत, खडखडत जाई आणि बैलगाडीसुद्धा मागून घंटा वाजवी. मीठ पोचवायचं काम गेलं होतं. अंजनीबाईंना घेऊन ते एकदाचे वांगणीला जाऊन आले. बाईंनी खाली दोन गाद्या घातल्या होत्या.

एका रविवारी हिंदुराव वाडीत गेले आणि चांगोच्या अंगणात बसले. चहा आला. तो पिता पिता ते डोंगराच्या वरच्या धारेकडे बघत राहिले.

"चांगो, त्या धारेपलीकडे कुणाची वस्ती आहे रे?"

चांगोनं धारेकडे पाहिलं. पलीकडच्या, अजून रस्ता नसलेल्या वस्तीत त्याची सासुरवाडी होती, आणि तिथल्या चुलींचा धूर झाडांवरून सरळ वर चालला होता.

"तिकडं?" तो म्हणाला. "कोण नाय, दादा. नुसतं रान हाय."

हिंदुरावांनी चहा संपवला. धूर त्यांनाही दिसत होता. ते उठले, जीपपाशी गेले, आणि खाली वाकून पुढच्या टायरांमधली निम्मी हवा सोडू लागले.