रानात राहिलेली घोंगडी

"ह्याच्याबिगर फोटो निघंल का?" कुठलीही वस्तू हातात घेतली की तो आधी हेच विचारायचा, आणि तेही स्वतःलाच. निघत असला तर वस्तू परत फळीवर.

वडवणीत माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. दिवाळीच्या आसपास माणसं ऊसतोडीला गेली की गावं रिकामी आणि स्टुडिओही रिकामा. मग हा निघायचा डोंगराकडं, लांडग्यांच्या मागं.

एक जुनी मोठी लेन्स, एवढीच त्याची श्रीमंती. बाकीचं सामान आम्ही दोघांनी जमवलं म्हणा ना. पालथं पडून फोटो काढणाऱ्याला ट्रायपॉड कशाला, असं तो म्हणे. लेन्स टेकवायला त्यानं माझ्याकडून जुन्या जीनची उशी शिवून घेतली. पहिल्यांदा बाजरी भरली, ती उंदरांनी खाल्ली. मग मी चेन लावून दिली. उशी रिकामी न्यायची, तिथंच ओढ्यातली वाळू भरायची, निघताना ओतून यायचं. लेन्सवरची धूळ उडवायला त्यानं मेडिकलमधून तान्ह्या बाळाचं नाक साफ करायचा रबरी फुगा आणला. दुकानदारानं विचारलं, बाळ केवढं हाय? हा म्हणाला, लई मोठं झालंय, पर नाक अजून वाहतंय.

बॅटरी आणि कार्ड मात्र अस्सल, नवंकोरं. "तितं कंजुषी केली ना मावशी, तर जनावर समोर आन् क्यामेरा मेलेला." थंडीत बॅटरी लवकर उतरते म्हणून मी त्याच्या बंडीला आतून, छातीशी खिसा शिवला होता.

राहिलं लपायचं. शहरातली माणसं हिरव्या ठिपक्यांचे तंबू आणतात, तुम्हीही पाहिले असतील. आपलं रान हिरवं हाय कुठं, म्हणून हा हसायचा. एका धनगर आजोबांकडून त्यानं जुनी काळी घोंगडी घेतली. आजोबांनी बजावलं होतं, रानात टाकून येऊ नको, आणि अंगावर घ्यायच्या आधी झटकत जा. धनगर बाकी काहीही विसरेल, पण घोंगडी झटकायला विसरत नाही.

पण घोंगडी म्हणजे धनगर, हे लांडग्यालाही कळतं, आणि तो लांबच राहतो. त्या थंडीत मादीनं तीन पिल्लं घातली होती. बायकोनं निक्षून सांगितलेलं, हा हंगाम शेवटचा, मग लेन्स विकायची. त्याला मादीचा पिल्लांसकट एक फोटो हवा होता. एकच. म्हणून यानं ती घोंगडी बिळासमोरच्या बोरीखाली पसरूनच ठेवली. रात्रंदिवस तिथंच. मादीला सवय व्हावी म्हणून.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, अंबाजोगाईच्या दवाखान्यात. पहाटे सरपटत गेला तर मादी आधीच बाहेर बसलेली. घोंगडी झटकली असती तर गेली असती ती. यानं अलगद कड उचलली आणि आत सरकला. थोडे फोटो निघाले, आणि कोपर सरकवताना फुरसं चावलं. उबेला येऊन बसलं होतं ते.

मी विचारलं, "आन् मग उठला कावून न्हाईस रं?"

"मावशी, ती माझ्याकडंच बगत व्हती."

मादी आपणहून पिल्लांना घेऊन बिळात जाईपर्यंत तो पालथाच राहिला. उन्हं वर आल्यावर रस्त्याला लागला, एका दूधवाल्यानं मोटारसायकलवर घातलं. हिरड्यांतलं रक्त थांबेना, मग लघवी बंद झाली. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. जरा आधी आणायला पाहिजे होतं, एवढंच म्हणाले.

त्याचं दहावं-तेरावं उरकल्यावर एका दुपारी त्याची बायको क्यामेरा घेऊन दुकानात आली. मशिनीपाशी बसली आणि मागच्या काचेवर एकेक फोटो मला दाखवायला लागली.

"कंच्या फोटोनंतर चावलं आसंल, मावशी?"

मी चष्मा लावून सगळे पाहिले. एकही हललेला नव्हता. मग ती पुन्हा मागं मागं जात पहिल्या फोटोवर आली. बिळाच्या तोंडाशी मादी, तिला बिलगून तिन्ही पिल्लं, आणि चौघांचे डोळे स्पष्ट.

"ह्यात तर समदंच आलंय की," ती म्हणाली.