बाहुलीचा गुडघा

या बाहुलीचा गुडघा वाकवला की आतून ‘कट्’ असा आवाज येतो आणि मला सत्तर सालच्या सुमाराची भाटघरची ओसरी आठवते. मुंबईत एका घरी कामाला असलेल्या मावशीनं ती मला आणली होती. सोनेरी केस, बोटाएवढी कंबर. “परदेशी हाय,” मावशी म्हणाली. त्याच दुपारी आमचं बाहुला-बाहुलीचं लग्न होतं आणि शेजारची मुलगी वरमाय झाली होती. “परदेशी म्हणं! भोरच्या जत्रंतली असंल. तसल्यांचं पाय वाकत न्हाईत. ही पाटावर बसली तर नवरी, न्हाईतर लगीन मोडलं,” ती म्हणाली. मावशीचा चेहरा उतरला. मी गुडघा दाबला. मऊ रबराखाली कट्, कट् वाजलं आणि पाय वाकले. “बसली! बसली!” पोरींनी ओसरी डोक्यावर घेतली. “अगं, हळद आणा की!” वरमायच ओरडली आणि तिनंच नवरीचे गाल पिवळे केले. परवा पुण्यात जुन्या बाहुल्यांच्या जाणकार बाईंनी तसाच गुडघा वाकवून पाहिला आणि बाहुली अस्सल असल्याचं सांगितलं. गालांवरच्या डागांनी मात्र किंमत उतरते, ते काढून देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “राहू द्या. लग्नातली हळद आहे.”