लाइट आली तेव्हा दाजी खांबावर होते

ताईचा फोन आला आणि मी शनिवारी मांडवगण फराट्याला निघालो. दाजी, म्हणजे तिचे यजमान, तिथे वीजखात्यात वायरमन. नदीपलीकडे दौंडच्या बाजूला उसाच्या चिपाडावर चालणारं छोटं खासगी वीजघर नुकतंच सुरू झालं होतं, आणि त्याची वीज दाजींच्याच लाइनीत येत होती. "आधी एकाच अंगानं करंट यायचा, आता दोन्हीकडनं येतोय. मला झोप न्हाई लागत," ताई म्हणाली होती.

तुम्ही जाणार असाल तर पुण्याहून शिरूरची सकाळची एसटी पकडा. शिक्रापूरला ट्रकांच्या गर्दीत वेळ जातो, तो धरूनच चाला. शिरूर स्टँडवर मिसळ झणझणीत मिळते. पुढे न्हावऱ्यावरून जीप, भाडं आधीच ठरवून घ्या.

गाव वीजघरावर खूश होतं. "व्होल्टेज वाढलं, मोटारी जळायच्या थांबल्या," शेजारचे आबा कौतुकानं सांगत होते. ताई मात्र भाकऱ्या थापत राहिली.

रविवारी सकाळी चौकातल्या खांबावरची, दोन तारांना जोडणारी जोडतार जळाली. दाजींनी फोन करून सबस्टेशनातून लाइन बंद करून घेतली. खरं तर चढण्याआधी तारांवर साखळी टाकून ती जमिनीत जोडायची असते, म्हणजे चुकून करंट आलाच तर तो जमिनीत जातो. "बंद हाय की," म्हणत दाजी तसेच चढले. आजवर सबस्टेशननं बंद म्हटलं की लाइन मेलेलीच असायची.

मी आणि ताई चहाच्या टपरीपाशी उभे होतो. एकाएकी टपरीतला बल्ब लागला आणि सगळी आळी ओरडली, "आली रं, लाइट आली!" भारनियमनाच्या गावात ही आनंदाची आरोळी. ताई किंचाळली, "अवो, हात मागं घ्या!" दाजींचा हात तारेपासून वीतभर होता. तो त्यांनी मागे घेतला आणि खांबाला मिठीच मारली. वीजघरवाल्यांनी कुणाला न विचारता मशीन परत लाइनीला जोडलं होतं.

दाजी खाली उतरले. "आता साखळीबिगर चढायचा न्हाई," ते पुटपुटले.

"तुम्ही टाकाल वो साखळी. पर तिकडं बटन दाबणाऱ्याला कोन सांगनार, तुम्ही वर हाय म्हून?" ताई म्हणाली.

परतताना दौंडहून पॅसेंजर घेतली. खिडकीतून दिसणारा प्रत्येक विजेचा खांब मी नीट बघत होतो.

त्याच आठवड्यात पुण्यात आमच्याकडे लाइट गेली. परत आली तशी सोसायटीतली पोरं ओरडली, "आली!" पंखा लावायच्या आधी मी ताईला फोन लावला.

"दाजी कुठं आहेत?"

"हितंच, जेवत्यात," ताई म्हणाली. का विचारतोस, हे तिनं विचारलं नाही.