दंडातली माया

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. तिच्या मापात खोट काढणारा अजून जन्माला यायचाय. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की उसवून कपडा सैल करता येतो. हे आम्हा दोघींच्या आईने ताईला शिकवलं. ताईने शिवलेली प्रत्येक बाही आई अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून बघायची, माया सोडलीय की नाही. मला सुई कधी जमली नाही, म्हणून आईने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचा राग अजून आहे मला.

आई गेली आणि ताई वाळून निम्मी झाली. दंडाची कातडी लोंबायला लागली, हुबेहूब आईसारखी. एकदा तिच्या शिवणाच्या दुकानातल्या आरशासमोर तिने हात खाली घेतला. हात थांबला, कातडी हलतच राहिली.

"कुणीतरी चिमटीत धरतंय गं," ताई म्हणाली.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी म्हटलं. पण दंडावर दोन बोटांचा खळगा मलाही दिसत होता.

मग बाही हातात घेतली की चिमटा ठरलेला. ताईने शिवण बंद केलं. घर तिच्या मशीनवर चालायचं, म्हणून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"यंत्राने शेक देऊन कातडी थोडी आवळते, व्रण राहत नाही," बाई म्हणाल्या. "पण इतकी सैल असेल तर फार फरक पडणार नाही. नुसती चरबी ओढून काढली तर आणखी लोंबेल. ऑपरेशन केलं तर काखेपासून कोपरापर्यंत व्रण, तोही जन्माचा."

"शेकच घे," मी म्हटलं. "उगाच सुरी कशाला लावून घेतेस?"

"न कापता नुसतं दाबून घेतलेलं पुन्हा उसवतं," ताई म्हणाली. "कापाच, बाई. माया अजिबात ठेवू नका."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, ताई माझ्यावरच्या मायेबद्दलच बोलतेय.

जखमा भरल्यावर ताई पुन्हा आरशासमोर उभी राहिली. हात वर केला, खाली घेतला. काही हललं नाही.

"सुटले बाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसली.

तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. अंगठा आणि बोट. हळूहळू कोपराकडे सरकत होतं, काहीतरी तपासत. दुकानात आम्ही दोघीच होतो.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण आईने मला असं कधीच तपासलं नव्हतं. मी बाही वर सारली आणि हात पुढे केला.